वन्संचा खडा

'क्रिस्टल'ला मराठीत स्फटिक म्हणतात हे मला शाळेपासून माहीत आहे. पण सांगलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत तो शब्द कुणाच्या तोंडी नाही. आम्ही खडा म्हणतो. सकाळी आल्या आल्या एकमेकांना "पडला का खडा?" असं विचारतो, आणि बहुतेक वेळा "कशाचा खडा, सगळं दूध फाटल्यासारखं झालंय," असं उत्तर मिळतं. या शब्दानं मला जेवढं छळलं तेवढं त्या खड्यानंही छळलं नाही, आणि खड्यानं काही कमी छळलेलं नाही.

खडा कशाचा ते आधी सांगते. गोचीड चावली की गाईला एक ताप येतो. आमच्याकडं त्याला सरळ गोचीड ताप म्हणतात, जनावरांचे डॉक्टर थायलेरिया म्हणतात. गोचिडीच्या लाळेतून एक परजीवी गाईच्या अंगात उतरतो आणि रक्तातल्या पेशींत शिरून वाढतो. गाय तापते, खांद्यापुढची गाठ सुजते, पापणीच्या आतली लाली जाऊन पांढरं पडतं, आणि मग गाय बसते ती उठत नाही. देशी गाय बऱ्याचदा यातून तरून जाते. भरपूर दूध देणारी संकरित गाय मात्र या तापापुढं पार दुबळी पडते.

हा परजीवी गाईच्या रक्तातली साखर खाऊन जगतो. साखर मोडून तिच्यातली ताकद काढायला त्याच्याकडं एकामागं एक उभे राहिलेले कामगार असतात. ते एन्झाइम, शाळेच्या पुस्तकात त्यांना विकर म्हटलंय. त्यांतल्या एकाचा आकार नेमका कसा आहे हे शोधणं, एवढंच माझं काम. तो सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. म्हणून तो भरपूर बनवायचा, स्वच्छ करायचा, क्षाराच्या पाण्यात त्याचा बारका थेंब ठेवायचा आणि वाट बघायची. नशिबात असेल तर त्या थेंबातले सगळे रेणू शाळेतल्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे रांगेत बसतात आणि खडा पडतो. त्याच्यातून क्ष-किरण सोडले की पलीकडं ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांवरून गणित मांडत मांडत आकार काढता येतो. पी हळद अन् हो गोरी, असलं इथं काही चालत नाही. माझी ऐन उमेदीची वर्षं त्या थेंबांपुढं बसून गेली. आवडीनं गेली, हेही खरं.

आमचं गाव माण तालुक्यात. घराणं मेंढरं राखणारं, पण आता घरात मेंढरू नाही. आई-वडीलही राहिले नाहीत. दादा मुंबईला मार्केटात माथाडी, भाची साताऱ्याला वसतिगृहात. गावच्या घरात वहिनी आणि तिची गाय, एवढ्याच दोघी. गाय म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, थोराड, संकरित. वहिनीच्या माहेरानं, आटपाडीहून, कालवड असताना टेम्पोत घालून पाठवलेली. दुष्काळात वहिनीनं तिला चारा छावणीत नेऊन सांभाळलं होतं, स्वतः तिथंच पाल ठोकून राहिली होती.

या गाईचा घरात दुधापलीकडंही एक उपयोग होता. दादा वर्षातून दोनदा तरी हट्ट धरायचा, "चल मुंबईला, एकटी कशाला राहतीस?" त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण वहिनीनं मुंबईला एकदा संसार करून बघितला होता. एका खोलीत गाववाल्या सगळ्या गड्यांचा स्वयंपाक, आणि बाहेर बघावं तर समोरच्या खोलीची भिंत. तिथं तिला धाप लागायची. डॉक्टरला काही सापडायचं नाही, आणि गावाला आली की धाप जायची. तेव्हापासून दादानं विषय काढला की ती एकच विचारायची, "गाय कुणाच्या दारात बांधू?" दादा एकटाच परत जायचा. गाय होती म्हणून वहिनी स्वतःच्या घरात होती. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि बोलायचं कुणीच नाही.

आता खड्याची गोष्ट गावात गेली कशी, तर जत्रेमुळं. वहिनीनं जत्रेला बोलवायला फोन केला आणि मी आनंदाच्या भरात सांगून टाकलं, "नाही गं येत, माझा खडा पडलाय. त्याला सोडून कुठं येऊ?"

"कशाचा खडा, वन्सं?"

"गोचीड तापाचा."

बस्स. त्या 'चा'नं घात केला. तापाची गोळी म्हणजे तापावरची गोळी. खोकल्याचं औषध म्हणजे खोकला घालवणारं औषध. मग गोचीड तापाचा खडा म्हणजे काय? वहिनीनं जे समजायचं ते समजून घेतलं आणि जत्रेत भेटेल त्या बाईला सांगितलं, "आमच्या वन्संनी गोचीड तापाचा खडा काडलाय." मला हे बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर खडा माणमधून आटपाडीला आणि आटपाडीहून परत सांगलीला येऊन पोचला होता.

सांगलीला तो आणला वहिनीच्या भावानं. तो कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. एका सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात. "ताई, खडा बगायला आलोय." मी कौतुकानं त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. थेंबातला खडा तेव्हा फार सुरेख दिसत होता, सहा बाजूंचा, कडा तासून काढल्यासारख्या. त्यानं डोळा लावला, बराच वेळ बघितलं, मग डोळा काढून नुसत्या नजरेनं तो थेंब शोधायला लागला.

"एवढासाच?" तो म्हणाला.

"एवढासाच."

"आवं, ह्यो गाईच्या पोटात गेल्यालाबी तिला कळायचं न्हाई."

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतोय. तो मात्र डोस किती लागेल याचा विचार करत होता. पुढच्या आठवड्यात त्याच्या वर्कशॉपमधल्या एकाचा निरोप आला, की ताईंच्या खड्यात शनीचा खडा मिळतो का, अंगठीत बसवायचाय. तो निरोप मी चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवला. आम्ही पोट धरून हसलो, आणि हसण्यावारी नेलं ते तसंच राहिलं.

यथावकाश क्ष-किरणांचं काम झालं आणि आकार हाती आला. संगणकावर रंगीत फितींची गुंडाळी करून तो दाखवतात. मधोमध एक खोबण असते. साखरेचा तुकडा येऊन त्या खोबणीत बसतो आणि मोडतो. औषध शोधायचं म्हणजे त्या खोबणीत घट्ट रुतून बसेल आणि तिथून हलणार नाही असं काहीतरी शोधायचं. कामगार अडला की परजीवी उपाशी मरतो. पुस्तकात याला कुलूप-किल्ली म्हणतात. मग मी गाईच्या अंगातला तोच एन्झाइम घेतला, कारण गाय पण साखर मोडूनच जगते, आणि दोन्ही आकार एकावर एक ठेवले. बाहेरच्या फिती इकडंतिकडं होत्या. खोबण मात्र तंतोतंत एक. चोराच्या घराला आणि मालकाच्या घराला कुलूप एकच. किल्ली बनवली तरी ती दोन्हीकडं लागणार.

आमचे सर म्हणाले, "हरकत नाही, आकार नवा आहे, पेपर चांगला होईल." पेपर चांगला झालाही. मी आठवडाभर धड जेवले नाही. बाकी जगाच्या दृष्टीनं काहीच बिघडलं नव्हतं, विज्ञानात असं रोज होतं. पण मला त्या खोबणीचा राग यायचा. खरोखरचा राग, माणसाचा यावा तसा.

आणि मग उन्हाळा सरता सरता वहिनीचा फोन आला. गाईनं वैरण सोडली होती. डॉक्टर येऊन गेले होते, रक्त तपासलं होतं, गोचीड तापच निघाला. या तापावर जे एक इंजेक्शन आहे ते दिलं होतं. ताप उतरला, पुन्हा चढला. दुसरं इंजेक्शन दिलं होतं.

"वन्सं, तुमी या," वहिनी म्हणाली. "आनि येताना खडा घिऊन या."

"वहिनी, अगं ते औषध नाही."

"व्हय व्हय. तुमी या तर."

विट्याला गाडी बदलून मायणीवरून गेले. सगळ्या वाटेनं मी मनात वाक्यं जुळवत होते. एन्झाइम म्हणजे काय, परजीवी म्हणजे काय, खोबण कशी असते. वाक्यं चांगली जुळली होती. दारात पाऊल टाकलं आणि बघितलं, तर ओसरीवर चार बाया बसल्या होत्या आणि शेजारच्या काकूंनी सहाण धुऊन ठेवली होती. सहाणेशेजारी तांब्या आणि पाजायला रिकामी बाटली. खडा उगाळायची सगळी तयारी होती. माझी वाक्यं कुठल्या कुठं गेली.

डॉक्टर गोठ्यातच होते, बाटली लावून सलाईन देत होते. भला माणूस. दुपारच्या उन्हात तिसऱ्यांदा आला होता. मला बघून उठून उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं नवीन काही आलंय का? ट्रायलवरचं असलं तरी चालेल. माझ्याजवळचं संपलं." म्हणजे बायांना मी खुळ्यात काढत होते, पण डॉक्टरही त्याच आशेवर होते. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी सलाईनची बाटली संपायची वाट बघितली, सुई काढली, वहिनीला "पाणी पाजत राहा" म्हणाले आणि दुसऱ्या गावाला गेले.

गोठ्यात आम्ही दोघी उरलो. गाय डाव्या कुशीवर बसली होती, मान पोटाशी वळवून. मी पापणी उलटी करून बघितली. पांढरीफटक. त्या अंगात त्या क्षणी काय चाललंय हे मला जितकं दिसत होतं तितकं त्या तालुक्यात कुणालाच दिसत नसेल. पेशी फुटतायत, साखर मोडतेय, माझा तो कामगार खोबणीत तुकडे घेतोय आणि सोडतोय. दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. मी आयुष्यात एवढी निरुपयोगी कधी झाले नव्हते.

वहिनीनं हात पुढं केला. "द्या."

मग मी सांगितलं. जुळवलेलं काहीच आठवलं नाही, जमेल तसं सांगितलं. की तो खडा थेंबातून काढून साध्या पाण्यात घातला की विरघळून जातो. की तो औषधाचा नाही, त्या किड्याच्याच अंगातल्या एका वस्तूचा आहे.

वहिनीनं हात मागं घेतला. "म्हंजी औषधाचा खडा न्हाई त्यो? रोगाचाच हाय?"

"रोगाचाच."

"इतकी वरसं तुमी रोगाचा खडा करत हुता?"

"हो."

"मग त्येचं करायचं काय असतंय?"

"त्याचा आकार बघायचा. कुठं अडवता येईल ते शोधायचं."

"बगितला?"

"बघितला. त्या किड्याचा आणि गाईचा, दोघांचा एकच आहे."

वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "म्हंजी त्येला माराय जावं तर गायच मरती."

"हो."

"ह्ये कळायला एवढी वरसं लागली व्हय?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच माझी कीव आली होती. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी उलट बोलले असते.

बाहेरून काकूंनी हाक दिली, "आगं, उगाळू का? उगं येळ का लावताय?" मी उठले, म्हटलं, बाहेर जाऊन सगळ्यांना एकदाच सांगून टाकते. वहिनीनं माझं मनगट धरून मला खाली बसवलं. मग ती स्वतः बाहेर गेली. "उगाळायचा न्हाई, काकू," ती म्हणाली, "तसाच पान्यात टाकायचा असतोय." बाटलीत तांब्यातलं पाणी भरून आत आली, दारात बाया उभ्या होत्या त्यांच्या देखत गाईचा जबडा उचलून तिनं ते पाणी तिला पाजलं. नुसतं पाणी. अर्धं बाहेर सांडलं. बाया हात जोडून उभ्या होत्या. मी खाली मान घालून गाईच्या खुरांकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय गेली.

भावकीतल्या गड्यांनी बांधाच्या कडेला खड्डा काढला, मिठाचं पोतं ओतलं. वहिनी कोरड्या डोळ्यांनी उभी होती. दुपारी बाया बसायला आल्या, माणूस गेल्यावर येतात तशाच. त्यांच्यातली एक माझ्याकडं न बघता म्हणाली, "दिव्याखाली अंधार म्हणत्यात त्यातली गत." मला लागलं. वहिनी मात्र ताडकन बोलली, "न्हाई हो, वन्संनी दिला की खडा. त्येंच्याकडनं काय चुकलं न्हाई. मीच सांगायला लय उशीर केला. येळेत दिला असता तर गाय उठली असती."

मी तोंड उघडलं. वहिनीनं माझ्याकडं बघितलं आणि मी मिटलं. जी गेली होती ती तिची गाय होती, आणि ती माझी लाज राखत होती. माझ्या साऱ्या शिक्षणात असलं काही मला कुणी शिकवलं नव्हतं, त्यावर काय करायचं असतं हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजून कळत नाही.

दादा चौथ्या दिवशी येऊन पोचला. या वेळी त्यानं हट्ट केला नाही. नुसतं म्हणाला, "आता?" वहिनीनं रिकाम्या दावणीकडं बघितलं आणि ट्रंक काढली. घराची किल्ली काकूंकडं दिली. स्टँडवर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुमी तुमचं चालू ठिवा, वन्सं." मुंबईहून ती अधूनमधून फोन करते. बोलता बोलता मधेच थांबते, श्वास घेते, पुन्हा बोलते. मी विचारलं की म्हणते, जिना चढून आलेय. खोली तळमजल्यावर आहे.

मी माझं चालू ठेवलंय. दुसरा एन्झाइम घेतलाय, ज्याच्यासारखा गाईच्या अंगात नाही. थेंब ठेवलेत. अजून खडा नाही.

परवा दुपारी प्रयोगशाळेत अनोळखी नंबरावरून फोन आला. बाई आटपाडीकडची, वहिनीच्या माहेरच्या गावची. नंबर कुपवाडच्या भावाकडून घेतला म्हणाली. "ताई, आमच्या गाईला गोचीड ताप आलाय."

"डॉक्टरांना बोलावलं का?" मी घाईनं विचारलं.

"आवं, आलं बी आनि सुई दिऊन गेलं बी. आता तुमचा खडा पायजे."

खरं सांगावं, तर वहिनी माहेरात आणि सासरात खोटी पडणार, आणि तिचं म्हणण्यासारखं तिच्याकडं आता तेवढं नावच उरलंय. न सांगावं, तर ही बाई वाट बघत बसणार.

"सुई चुकवू नका," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणतील ते सगळं करा. दुसरी सांगितली तर दुसरीही द्या."

"करतो की, समदं करतो," ती म्हणाली. "तुमच्या वैनीनं सांगून ठिवलंय आमाला, तिच्यावानी उशीर करू नका म्हणून. गाईला आज सकाळीच ताप भरलाय, आनि मी लगीच फोन लावला." मग भीत भीत तिनं विचारलं, "उशीर तर न्हाई ना झाला, ताई?"

"नाही," मी म्हटलं. "उशीर नाही झाला."